चेंडू अंपायरला, झाडाला, तारेला लागला तर? बेसबॉल अंपायरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बेसबॉलसाठी राखून ठेवलेलं मैदान मिळणं कठीणच. शाळेच्या पटांगणात मधोमध क्रिकेटची सिमेंटची पिच, एका कडेला खो-खोचे खांब, दुसऱ्या कडेला गुलमोहर, वरून विजेची तार. तिथेच फक्की मारून डायमंड (चार बेसचा चौकोन) आखायचा. त्यात खेळाडू, प्रेक्षक आणि बऱ्याचदा अंपायरही क्रिकेटमध्ये मुरलेले. फटका मारलेला चेंडू वाटेत कशाला तरी लागला की क्रिकेटची सवय आधी बोलते आणि निकाल चुकतो. खालची उत्तरं मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या) अधिकृत नियमावलीप्रमाणे आहेत. तुमच्या स्पर्धेच्या आयोजकांनी वेगळा नियम लेखी दिला असेल तर त्या स्पर्धेपुरता तोच धरायचा.

चेंडू कशाला तरी लागला. अंपायरने सगळ्यात आधी काय बघायचं?

आधी चेंडू कुठे होता ते. लागला त्या क्षणी तो फेअर हद्दीवर होता की फाऊल? (होम प्लेट म्हणजे बॅटरजवळची पाटी. तिथून पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरून जाणाऱ्या दोन लाइनच्या आतली जागा फेअर, बाहेरची फाऊल.) मग, त्याआधी कोणा फिल्डरचा हात किंवा ग्लव्ह लागला होता का? नसेल लागला, तर तो एखाद्या इनफिल्डरला (बेसच्या आसपास उभ्या फिल्डरला) ओलांडून पुढे गेला होता का? क्रम हाच ठेवायचा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘फाऊल’ आलं की बहुतेक वेळा पुढचे दोन विचारायची गरजच उरत नाही.

बघायचं ते चेंडूकडे, खेळाडूच्या पायांकडे नाही. तिसऱ्या बेसवरचा फिल्डर लाइनच्या बाहेर उभा राहून हात आत घालतो आणि चेंडूला फेअर हद्दीवर स्पर्श करतो, तर चेंडू फेअर. पाय आत आणि ग्लव्ह बाहेर असेल तर फाऊल. लाइनवर सरळ उभी काचेची भिंत आहे असं समजायचं, म्हणजे हवेतल्या चेंडूचाही निकाल सोपा जातो. आणि लाइन स्वतः फेअर हद्दीतच मोडते. लाइनच्या टोकाचा खांब म्हणजे फाऊल पोलही फेअरच, नाव काहीही असो.

फेअर की फाऊल हे नेमकं कधी ठरतं?

पहिला आणि तिसरा बेस होम प्लेटपासून २७.४३ मीटरवर असतात. या बेसच्या अलीकडे सरपटणाऱ्या चेंडूचा निकाल तो थांबेपर्यंत किंवा कोणी त्याला हात लावेपर्यंत लागत नाही. चेंडू लाइनच्या बाहेर गेला, खड्ड्यात आपटून परत आत आला आणि आत थांबला, तर फेअर. उलट आत पडून बेसच्या आधीच बाहेर जाऊन थांबला, तर फाऊल. बेस ओलांडून जाणाऱ्या चेंडूला नियम वेगळा. बेसच्या रेषेत असताना तो फेअर हद्दीवर असला की फेअर, मग पुढे गटारापर्यंत गेला तरी. हवेतून थेट बेसच्या पलीकडे पडणारा चेंडू पहिल्यांदा जिथे टेकतो त्यावर निकाल.

आपल्या मैदानांवर हा भाग महत्त्वाचा, कारण चेंडू सरळ येतोच कुठे? पावसाळ्यानंतर तांबड्या मातीत पाण्याने ओघळ पडलेले असतात. काळ्या मातीत सुकल्यावर भेगा. लाइनजवळून येणारा संथ चेंडू आत-बाहेर दोनदा वळू शकतो. म्हणून ‘फाऊल’ म्हणायची घाई करू नये. एकदा तोंडातून ‘फाऊल’ निघालं की रनर (बेस घेत पळणारे खेळाडू) थांबतात, फिल्डर चेंडू सोडून देतात आणि पुढे चेंडू आत आला तरी ती चूक निस्तरणं फार अवघड जातं. दोन सेकंद गप्प राहिल्याने कोणाचंच नुकसान होत नाही.

लाइनच पुसली गेली असेल तर?

सामन्याच्या आधी होम प्लेटच्या मागच्या टोकापासून फाऊल पोलपर्यंत दोरी ताणून घ्या आणि दर दहा-बारा पावलांवर दोरीखाली एक खिळा जमिनीत पूर्ण ठोका. खिळ्याला पांढऱ्या चिंधीची गाठ मारा, डोकं वर राहता कामा नये. फक्की वाऱ्याने उडाली किंवा पावसाने धुतली तरी चिंधी दिसते. नेहमीची चूक म्हणजे पहिला आणि तिसरा बेस लाइनच्या बरोबर मध्यावर ठेवणं. हे दोन्ही बेस पूर्णपणे लाइनच्या आत बसवायचे, बाहेरची कड लाइनच्या बाहेरच्या कडेला टेकलेली. बेस मध्यावर ठेवला तर त्याचा अर्धा भाग फाऊल हद्दीत जातो आणि बेसला लागून गेलेल्या प्रत्येक चेंडूवर भांडण होतं.

चेंडू होम प्लेटला लागला तर फाऊल ना?

नाही. हा गैरसमज जवळपास प्रत्येक शाळेत भेटतो. प्लेट फेअर हद्दीतच आहे. चेंडू प्लेटवर आपटला म्हणजे जमिनीवर आपटला असं धरा आणि तो पुढे कुठे जातो ते बघा.

पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसला लागलेला चेंडू मात्र त्याच क्षणी फेअर ठरतो, तिथून उडून बाहेर गेला तरी. पिचरच्या रबराची (ज्या पट्टीवर पाय ठेवून तो चेंडू टाकतो तिची) गंमत वेगळी आहे. कोणाही फिल्डरचा हात न लागता चेंडू रबरावर आपटून मागे उडाला आणि होम व पहिला किंवा होम व तिसरा बेस यांच्यामधून फाऊल हद्दीत गेला, तर फाऊल.

फाऊल हद्दीत पडलेल्या हेल्मेटला, बॅटला किंवा दगडाला चेंडू लागून आत आला तर?

हेल्मेट, बॅट, पाण्याची बाटली, किटबॅग या मैदानाच्या नैसर्गिक जमिनीबाहेरच्या वस्तू. फाऊल हद्दीवर असताना चेंडू अशा वस्तूला लागला की फाऊल आणि डेड (म्हणजे खेळ तिथेच थांबला), नंतर आत आला तरी काही उपयोग नाही. मातीचं ढेकूळ, गवताचा बुंधा, जमिनीतला खडा हे जमिनीचेच भाग. त्यांना लागून आत आला तर खेळ चालू.

फेअर हद्दीत चुकून पडलेल्या हेल्मेटला चेंडू लागला तर ते हेल्मेट तिथे नव्हतंच असं समजून खेळ पुढे चालवायचा. क्रिकेटमध्ये कीपरच्या मागे ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला की पाच धावा दंड मिळतात, त्यामुळे इथेही कोणीतरी ‘सर, पेनल्टी!’ म्हणून ओरडतोच. बेसबॉलमध्ये तसं काही नाही.

चेंडू अंपायरला लागला तर? क्रिकेटमध्ये तर खेळ चालूच राहतो.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. क्रिकेटमध्ये फटका अंपायरच्या अंगावर आदळून उडाला आणि जमिनीला टेकायच्या आत कोणी झेलला, तर फलंदाज बाद. बेसबॉलचा हिशोब वेगळा आहे.

फेअर चेंडू कोणाही इनफिल्डरला (पिचर धरून) न लागता अंपायरला लागला आणि तोपर्यंत पिचर सोडून दुसऱ्या कोणा इनफिल्डरला ओलांडून गेला नव्हता, तर चेंडू डेड. बॅटरला पहिला बेस मिळतो. बाकीच्या रनरपैकी ज्यांना बॅटरमुळे जागा सोडावीच लागते तेवढेच एक बेस पुढे जातात. नुसता पिचरच्या शेजारून गेलेला चेंडू ‘ओलांडून गेला’ असा धरायचा नाही. तो पिचरच्या मागे उभ्या असलेल्या अंपायरला लागला तरी डेडच.

पिचरच्या ग्लव्हला निसटता लागून मग अंपायरला आदळला, तर मात्र खेळ चालू. सेकंड बेसमनच्या मागे उभ्या असलेल्या अंपायरला चेंडू त्या बेसमनला ओलांडून जाऊन लागला, तरीही चालू. फिल्डरच्या ग्लव्हवरून उडालेला चेंडू जमिनीला न टेकता अंपायरला लागला आणि मग इनफिल्डरने झेलला, तर तो झेल धरत नाहीत. खेळ मात्र चालू असतो आणि रनरला बेसवर पकडता येतं.

एक प्रसंग नीट डोळ्यासमोर आणा. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर आहेत. दोन अंपायर असताना बेसचा अंपायर अशा वेळी डायमंडच्या आत, पिचरच्या टेकाडाच्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्ये, थोडा बाजूला उभा असतो. जोरदार ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) पिचरच्या पायांशेजारून सुटतो आणि अंपायरच्या नडगीवर आदळतो. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फिल्डर) तो उचलून पहिल्या बेसला फेकतो. तिसऱ्यावरचा रनर तोवर होमला पोचलेला. निकाल काय? चेंडू अंपायरला लागला त्या क्षणीच डेड. बॅटर पहिल्या बेसवर, पहिल्यावरचा रनर दुसऱ्यावर. तिसऱ्यावरचा रनर परत तिसऱ्यावर, कारण त्याच्यामागचा दुसरा बेस रिकामा होता, त्याला जागा सोडायची सक्ती नव्हती. धाव रद्द. तिन्ही बेस भरलेले असते तर हीच धाव धरली असती. स्कोअरबुकात बॅटरच्या नावावर हिट लिहायची.

नडगी चोळत बसण्याआधी दोन्ही हात वर करून ‘टाइम!’ म्हणा. मग रनरना एकेक करून बेसवर उभं करा, स्कोअररला सांगा आणि त्यानंतरच कॅप्टनशी बोला. चेंडू अंगावर येताना हाताने अडवू नका. बाजूला वळा, नाहीतर उडी मारा.

रनरला चेंडू लागला तर नेहमी आऊट का?

फेअर हद्दीत, इनफिल्डरला लागायच्या किंवा ओलांडायच्या आधी लागला तर आऊट. चेंडू डेड, बॅटरला पहिला बेस, बाकीचे सक्ती असेल तरच पुढे. त्यात हेतू बघत नाहीत, रनरला चेंडू दिसला नव्हता तरी आऊटच. बेसवर पाय असला म्हणून सुटका नाही. अपवाद एकच: इन्फिल्ड फ्लाय (इनफिल्डरला सहज झेलता येणारा उंच फटका, ज्यावर अंपायर बॅटरला आधीच आऊट देतो) पुकारलेला चेंडू बेसवर उभ्या रनरला लागला तर रनर वाचतो, फक्त बॅटर आऊट. बेस सोडून उभा असेल तर दोघेही.

चेंडू इनफिल्डरच्या ग्लव्हला लागून किंवा त्याच्या पायांतून जाऊन लगेच मागच्या रनरला लागला आणि मागे दुसऱ्या कोणा इनफिल्डरला तो खेळण्याची संधी नव्हती, तर रनर आऊट नाही. मुद्दाम लाथ मारली तर मात्र आऊट. एकाच चेंडूने दोन रनरना मार बसला तर पहिलाच आऊट, कारण तिथेच चेंडू डेड झालेला असतो.

प्रशिक्षकांनी मुलांना हे घोटवून द्यावं: तिसऱ्या बेसवरून होमकडे सरकताना लाइनच्या बाहेरून, फाऊल हद्दीतून सरका आणि परत येताना आतून या. बाहेर असताना चेंडू लागला तर फाऊल, आत असताना लागला तर आऊट. अर्ध्या मीटरचा फरक.

बॅटरच्याच पायाला किंवा टाकलेल्या बॅटला लागला तर?

बॅटर त्याच्या उभं राहायच्या चौकटीतच असेल आणि मुद्दाम काही केलं नसेल तर फाऊल. चौकटीबाहेर, फेअर हद्दीत त्याच्या अंगाला लागला तर तो आऊट.

बॅटच्या बाबतीत कोण कोणाकडे गेलं ते बघा. चेंडू घरंगळत येऊन पडलेल्या बॅटला टेकला, तर खेळ चालू. सरकणारी बॅट जाऊन फेअर हद्दीतल्या चेंडूवर आदळली तर बॅटर आऊट, चेंडू डेड. बॅट मोडून तुकडा चेंडूला लागला तर कोणाचीच चूक नाही, चालू. पण अख्खी बॅट हातातून सुटून फेअर हद्दीत गेली आणि खेळणाऱ्या फिल्डरला अडथळा झाला, तर हेतू नसला तरी आऊट.

झाडाच्या फांदीला किंवा विजेच्या तारेला लागला तर काय द्यायचं?

यावर पुस्तकात तयार उत्तर नाही, ते मैदानाचा नियम म्हणून आधीच ठरवायचं असतं. पद्धत अशी आहे: यजमान संघ नियम सुचवतो, पाहुण्या संघाला मान्य असेल तर तो लागू. मान्य नसेल तर मुख्य अंपायर स्वतः ठरवतो, फक्त अधिकृत नियमांच्या विरोधात जायचं नाही. क्रिकेटमध्येही मैदानातल्या झाडाचं काय करायचं ते टॉसच्या आधीच ठरतं, त्यामुळे ही गोष्ट खेळाडूंना पटायला जड जात नाही.

बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोसारख्या दाट झाडांच्या जागेवर आधी पूर्ण फेरी मारा. होम प्लेटवरून उभं राहून बघा: कोणत्या फांद्या फेअर हद्दीच्या वर येतात, कोणत्या फाऊलच्या? तार कुठून कुठे जाते? आमचं मत असं की फाऊल हद्दीवरच्या फांदीला लागला की सरळ फाऊल. फेअर हद्दीवर फांदीला किंवा तारेला लागला आणि खाली आला, तर खेळ चालू पण झेल नाही. कारण व्याख्येप्रमाणे फिल्डरखेरीज दुसऱ्या कशालाही टेकलेला चेंडू ‘हवेतला’ राहत नाही. अमेरिकेत छत असलेल्या काही स्टेडियमनी छताला लागून खाली आलेला झेल धरण्याचा स्थानिक नियम केला होता हे खरं. पण छताची गोष्ट वेगळी. गुलमोहराच्या फांद्यांतून चेंडू कुठून बाहेर पडेल हे देवालाही सांगता येत नाही. फांदीत अडकून राहिला तर दोन बेस.

कितीही विचार केला तरी एखादी गोष्ट राहतेच. १९७४ मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या छत असलेल्या स्टेडियममध्ये बॅटर माइक श्मिटचा जबरदस्त फटका छताला टांगलेल्या स्पीकरला आपटून खाली पडला. तिथल्या नियमाने चेंडू चालू होता, म्हणून होमरनच्या ऐवजी त्याला एकच बेस मिळाला. शिकागोच्या रिगली फील्डवर भिंतीवर १९३७ पासून वेल आहे, त्यात अडकलेल्या चेंडूला दोन बेस. फिल्डरने हात वर करून अडकल्याचं दाखवायचं, चेंडू उपसायला हात घातला की मात्र खेळ चालू धरतात.

खो-खो, व्हॉलीबॉलचे खांब फेअर हद्दीत येत असतील तर काढून घ्या. काढता येत नसतील तर गोणपाट गुंडाळा, हा नियमाच्या आधी डोक्याचा प्रश्न आहे.

भिंतीवरून गेला की होमरन ना?

अंतर मोजलंय का? होम प्लेटपासून २५० फूट म्हणजे ७६.२ मीटर किंवा त्याहून लांबच्या कुंपणावरून फेअर हद्दीत हवेतून गेला तरच होमरन. त्यापेक्षा जवळच्या कुंपणावरून गेला तर दोनच बेस. टेनिस बॉल क्रिकेटसाठी ६० मीटरला आखलेली बाउंड्री तशीच वापरली तर क्रिकेटचा षटकार इथे दोन बेसचाच. मुलांना हे आधी सांगितलं नाही तर मैदानात रडारड होते. ५० मीटरचा टेप दोन टप्प्यांत धरून दोन्ही लाइनवर आणि मध्यावर अंतर घ्या.

टप्पा पडून कुंपणावरून, खालून किंवा जाळीतून गेला तर दोन बेस. जांभ्याच्या गडग्यात फटीत अडकला तरी दोन. रनरचे दोन बेस पिच (पिचरचा चेंडू) टाकली गेली तेव्हा ते जिथे होते तिथून मोजायचे, म्हणजे पहिल्यावरचा रनर तिसऱ्यावर थांबतो, धाव नाही. त्याला आणखी पळता आलं असतं ही तक्रार चालत नाही.

फिल्डरला लागून बाहेर गेला तर?

हवेतला चेंडू फिल्डरला लागून फेअर हद्दीत कुंपणापलीकडे गेला तर होमरन (अंतराची अट तीच). १९९३ मध्ये क्लीव्हलँडला चेंडू फिल्डर होझे कॅन्सेकोच्या डोक्यावर आपटून कुंपणापलीकडे गेला आणि तो होमरन धरला गेला. फिल्डरला लागून फाऊल बाजूने बाहेर गेला तर दोन बेस. टप्पा पडलेला चेंडू फिल्डरला लागून बाहेर गेला तर कुठल्याही बाजूने दोनच.

फिल्डरने टोपी किंवा ग्लव्ह फेकून फेअर चेंडूला लावला तर बॅटरला तीन बेस, आणि चेंडू चालू असल्याने तो स्वतःच्या जोखमीवर होमकडे पळू शकतो. फेकलेली वस्तू चेंडूला लागलीच नाही तर काहीच शिक्षा नाही.

कुत्रं, म्हैस, बगळा?

फटका मारलेला चेंडू प्राण्याला किंवा पक्ष्याला लागला तर लागलाच नाही असं धरून खेळ चालू. पिचरने टाकलेला चेंडू पक्ष्याला लागला तर ती पिच रद्द. २००१ मध्ये पिचर रँडी जॉन्सनच्या पिचवर कबुतर आडवं आलं, तेव्हा तेच झालं. कुत्र्याने चेंडू तोंडात धरून धूम ठोकली तर चेंडू डेड आणि किती बेस द्यायचे ते अंपायरने ठरवायचं. म्हशी मैदानात शिरल्याच तर पिच टाकू देण्याआधी ‘टाइम’ घ्या.

प्रेक्षकाने चेंडू अडवला तर?

प्रेक्षकाने मैदानात हात घालून किंवा आत येऊन चालू चेंडूला हात लावला तर तिथेच डेड, आणि अडथळा झाला नसता तर काय झालं असतं ते बघून अंपायर बेस देतो. फोटोग्राफर, पोलीस, बॅट-चेंडू उचलणारी मुलं यांना चेंडू चुकून लागला तर खेळ चालू. त्यांनी मुद्दाम उचलला तर डेड.

हे सगळं दोन भाषांत कसं सांगायचं?

एक संघ मराठी शाळेचा आणि दुसरा कन्नड शाळेचा असेल तर होम प्लेटजवळच्या बैठकीत प्रत्येक मैदानी नियम दोन्ही भाषांत बोला आणि स्कोअरबुकाच्या पहिल्या पानावर लिहून दोन्ही कॅप्टनच्या सह्या घ्या. ‘चेंडू’ दोन्हीकडे चेंडूच, तिथे अडचण नाही. पण कन्नडमध्ये झाडाला ‘मर’ म्हणतात. फटका झाडाकडे जाताना कानडी पोरं ‘मर, मर’ ओरडली तर मराठी पोरांनी अंगावर जायचं कारण नाही. तारेला ‘तंती’.

खेळ चालू असताना शब्दांपेक्षा हात जास्त उपयोगी पडतात. फाऊलला दोन्ही हात वर आणि मोठ्याने ‘फाऊल’. फेअरला फक्त हाताने आतल्या बाजूला इशारा करायचा, तोंडाने काही बोलायचं नाही, कारण लांबून ‘फेअर’ आणि ‘फाऊल’ सारखेच ऐकू येतात.

सॉफ्टबॉलला हेच चालतं का?

बरंचसं. बघायचा फरक पहिल्या बेसचा. तिथे दुहेरी बेस असतो, पांढरा अर्धा फेअर हद्दीत आणि नारिंगी अर्धा फाऊल हद्दीत. चेंडू पांढऱ्याला लागला तर फेअर, नुसत्या नारिंगीला लागला तर फाऊल. बेस मांडताना नारिंगी बाजू चुकून आत ठेवलेली नाही ना, ते अंपायरने स्वतः जाऊन बघावं.